भाकरीशेजारच्या वाटीतले लायसिन

ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण १० ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे तांदळापेक्षा जास्तच. पण त्या प्रथिनांत लायसिन नावाचे अमिनो आम्ल इतके थोडे असते की निव्वळ भाकरी आणि खर्डा यांवर दिवस काढणाऱ्या माणसाला पोटभर जेवूनही प्रथिनांची उणीव भासू शकते. कोल्हापूरच्या गावांमधून आजही भाकरी रोज होते आणि ती व्हायलाच हवी, असे माझे ठाम मत आहे. मात्र लायसिनचा हिशेब भाकरीशी न मांडता तिच्या शेजारच्या वाटीशी मांडावा लागतो.

आपल्या शरीरातली प्रथिने २० अमिनो आम्लांपासून बनतात. त्यांपैकी ९ शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत, ती अन्नातूनच यावी लागतात. लायसिन हे त्यांतलेच एक. एड्मुंड ड्रेक्सेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८८९ मध्ये ते केसीन या दुधातल्या प्रथिनापासून वेगळे केले. पुढे १९१४ च्या सुमारास अमेरिकेत ऑस्बोर्न आणि मेंडेल यांनी उंदरांच्या पिल्लांना प्रथिन म्हणून फक्त गव्हातले ग्लायडिन दिले, तेव्हा पिल्ले जगली पण वाढली नाहीत. त्याच आहारात लायसिन मिसळताच ती वाढू लागली. एक अमिनो आम्ल कमी पडले की नवे प्रथिन तेवढ्यावरच अडते आणि उरलेली अमिनो आम्ले शरीर इंधन म्हणून जाळून टाकते. हाडे, कातडी आणि स्नायुबंध यांतल्या कोलॅजेनचे धागे एकमेकांना पक्के जोडण्यासाठी लायसिन लागते, तसेच स्निग्धाम्ले पेशीतल्या ऊर्जाकेंद्रापर्यंत नेणारे कार्निटीनही त्यापासूनच बनते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालानुसार प्रौढ माणसाची सरासरी गरज वजनाच्या दर किलोमागे रोज ३० मिलिग्रॅम आहे, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १,८०० मिलिग्रॅम. दिवसभरात ३०० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकऱ्या खाल्ल्या तर सुमारे ६०० मिलिग्रॅम मिळतात आणि शिजलेल्या ज्वारीची प्रथिने जरा कमी पचत असल्याने त्यातलेही सगळे अंगी लागत नाही. ५० ग्रॅम कोरडी मटकी भिजवून उसळ केली तर तेवढ्यातच जवळपास ६२० मिलिग्रॅम येतात, आणि म्हशीच्या दुधाच्या २०० मिलिलिटरच्या पेल्यात ५६० च्या आसपास. तूर, मसूर, हरभरा, हुलगे ही सारी कडधान्ये लायसिनने संपन्न आहेत. त्यांत हुलग्याकडे आपण अलीकडे फार दुर्लक्ष केले आहे, याचे मला वाईट वाटते. खर्ड्यात घातलेले शेंगदाणे चवीला उत्तम असले तरी त्यांच्या प्रथिनांत लायसिनचे प्रमाण डाळींच्या जवळपास निम्मेच असते.

मिसळीचेच पाहा. तळाशी मोड आलेली मटकी, तिच्यावर फरसाण, वरून कट आणि सोबत पावाचे स्लाइस. कट पुन्हा मागितला की वाढपी मोकळ्या हाताने ओततो, पण मटकी पहिल्यांदा पडली तेवढीच, आणि लायसिन आहे ते मुख्यतः त्या मटकीत. मोड आल्याने लायसिन फारसे वाढत नाही. पचनात आडवे येणारे काही घटक कमी होतात, हा खरा लाभ. पाव तर गव्हाचा, म्हणजे मुळातच लायसिनला कमी, आणि भाजताना त्याची कड तांबूस होते तेव्हा साखरेशी संयोग होऊन आणखी थोडे लायसिन निकामी होते. मटणाच्या बाबतीतही तेच: १०० ग्रॅम मटणात सुमारे दीड ग्रॅम लायसिन असते, पण ते फोडींमध्ये, पांढरा रस्सा कितीही वाट्या प्यायला तरी फोडींची बरोबरी होत नाही.

राजर्षी शाहूंच्या खासबाग मैदानामुळे कुस्तीची पंढरी म्हणून ओळखल्या गेलेल्या कोल्हापूर शहरात पैलवानांच्या दूध-बदामाच्या थंडाईबद्दल बोलणे भाग आहे. तिच्या ताकदीचे श्रेय बदामाला दिले जाते, तरी दहा बदामांतून जेमतेम ७० मिलिग्रॅम लायसिन मिळते. पैलवानाच्या स्नायूंना ते पुरवते थंडाईतले दूध, आणि ज्या घराला बदाम परवडत नाहीत तिथल्या पोराने नुसते दूध प्यायले तरी या बाबतीत त्याचे फारसे अडत नाही.

भाकरी आणि उसळ एकाच ताटात हवीत, असे मात्र नाही. स्नायूंमध्ये मोकळ्या लायसिनचा थोडा साठा काही तास टिकतो, त्यामुळे सकाळची मटकी रात्रीच्या भाकरीला उपयोगी पडते; उलट कडधान्यांत कमी असलेले मेथिओनिन हे दुसरे आवश्यक अमिनो आम्ल भाकरीतून येते. लहान मुलांचे गणित जास्त नाजूक आहे, कारण एक-दोन वर्षांच्या मुलाची गरज किलोमागे ४५ मिलिग्रॅम असते आणि पोट मात्र एवढेसे. १० किलोच्या मुलाला ४५० मिलिग्रॅम लागतात: ३० ग्रॅम पिठाची भाकरी १०० मिलिलिटर दुधात कुस्करून दिली तर सुमारे ३४० होतात, आणि १० ग्रॅम तुरीच्या डाळीच्या वरणातून आणखी १५० मिळतात.