पोकलेन शिकायला पोरगा पाठवताय? आधी एवढं वाचून घ्या

आमच्याकडून मशीन भाड्यानं नेणारे बरेच जण आता स्वतःची पोकलेन घ्यायला लागलेत, आणि घेतली की फोन येतो, भाचा आहे, ट्रॅक्टर झकास चालवतो, आठ दिवसात तयार करून द्या. करतो की. पण त्या दिवसांत आम्ही काय शिकवतो आणि कशाला वेळ लागतो हे तुम्हाला आधीच माहीत असलेलं बरं, नाहीतर चौथ्या दिवशी पोरगा घरी सांगतो की मला सगळं येतंय, उगाच थांबवून ठेवलंय.

खरं सांगायचं तर बकेट भरून डंपरमध्ये ओतणं पोरं लवकर उचलतात. डाव्या हाताला स्विंग (केबिन गोल फिरवणं) आणि आर्म (बकेटकडचा हात), उजव्या हाताला बूम (केबिनकडचा मोठा हात) आणि बकेट, हल्लीच्या बहुतेक मशीनला हाच पॅटर्न येतो. जेसीबीवरून येणाऱ्या जुन्या ड्रायव्हरला उलट जास्त त्रास होतो, कारण हाताची सवय वेगळी असते, आणि काही मशीनला पॅटर्न बदलायचा व्हॉल्वपण असतो, आदल्या ऑपरेटरनं तो फिरवून ठेवला तर आर्म हलवायला जावं आणि बूम खाली यावा असं होतं. म्हणून दुसऱ्याची मशीन हातात घेतली की आधी मोकळ्या जागेत, हळू रेसवर, एकेक हालचाल करून बघायची.

आमचा जास्त वेळ जातो तो थांबायला शिकवण्यात. कधी थांबायचं, थांबल्यावर काय करायचं, आणि मालक बोंबलत असला तरी थांबायचं.

डाव्या बाजूला, दाराकडे, एक सेफ्टी लिव्हर असतो. तो लॉक केला की जॉयस्टिकला हात लागला तरी बूम, आर्म, स्विंग काही हलत नाही. साईटवर नेहमी दिसणारा प्रकार असा, की मुकादम बोलायला येतो, ऑपरेटर इंजिन चालू ठेवूनच दाराकडे वाकतो, शर्टाची बाही नाहीतर कोपर जॉयस्टिकला लागतं आणि बकेट झपकन फिरते, आणि मुकादम तिथंच उभा असतो. हा लिव्हर लॉक करायला एक सेकंद लागतो, पण ती सवय अंगात मुरेपर्यंत आम्ही पोरांना काम देत नाही. खाली उतरायचं तर बकेट जमिनीला टेकवायची, लिव्हर लॉक करायचा, इंजिन दोन-चार मिनिटं आयडलला ठेवून मग बंद, म्हणजे टर्बोपण वाचतो. आणि उतरताना तोंड मशीनकडे, दोन हात एक पाय किंवा दोन पाय एक हात कायम धरलेला. उडी मारायची नाही. हे ऐकून सगळे हसतात, पण चिखलानं माखलेल्या चेनवरून पाय सटकून गुडघा गेलेले ऑपरेटर प्रत्येक तालुक्यात सापडतील.

दुसरी गोष्ट मागची. २० टनाच्या मशीनचं मागचं वजन मध्यापासून साधारण पावणेतीन मीटर फिरतं, म्हणजे मशीन आडवी फिरली की ते चेनच्या बाहेर सव्वा मीटरच्या आसपास येतं. ऑपरेटरची नजर बकेटवर असते, उजव्या बाजूला बूम आडवा येतो, मागचं तर आरशात दिसेल तेवढंच. त्यात हेल्पर टेप धरून मागून येतो किंवा कुणीतरी सावलीला मशीन आणि बांधाच्या मधे बसतो. म्हणून साईटवर फिरणाऱ्या भागाभोवती दोरी बांधायची, आणि हेल्परला काही सांगायचं असेल तर त्यानं समोर येऊन, ऑपरेटरला दिसेल असं उभं राहून हात वर करायचा, बकेट खाली टेकल्याशिवाय जवळ यायचं नाही. ग्राहकांनो, हे तुमच्यासाठीपण आहे, काम कुठवर आलं बघायला तुम्हीच सगळ्यात जवळ येता.

खोदायच्या आधी खाली काय आहे ते विचारा. आपल्या कृष्णाकाठी तर लिफ्टच्या, म्हणजे नदीचं पाणी उपसून शेतात नेणाऱ्या पाईपलाईन कुणाच्या कुठल्या शेतातून गेल्यात ते खुद्द मालकालाही नीट आठवत नाही, म्हणून शेजारच्या शेतकऱ्याला, गावच्या पाणीपुरवठ्याच्या माणसाला विचारून चुन्यानं रेघ मारून घ्या. रस्त्याकडेला ऑप्टिकल फायबर आणि गॅसच्या लाईन असतात, त्यासाठी केंद्र सरकारनं मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचं ॲप काढलंय, त्यात खोदाईची जागा कळवली की तिथं ज्यांच्या लाईन आहेत त्यांना खबर जाते. सोसायटी नाहीतर नगरपालिकेचं काम असेल तर हे सोडू नका, तुटलेल्या केबलचं बिल मशीनच्या भाड्यापेक्षा मोठं येतं.

वरची तार त्याहून वाईट. बूम उचलल्यावर किती उंच जातो हे केबिनमधून कळत नाही, आणि ११ केव्हीच्या तारेला टेकायचीही गरज नाही, जवळ गेलं तरी करंट उडी मारतो. तारेखाली काम असेल तर आधी महावितरणकडून लाईन बंद करून घ्यायची, नाहीतर आम्ही मशीन पाठवत नाही, मग काम हातचं गेलं तरी चालेल. चुकून टेकलीच तर केबिनमध्येच बसून राहायचं आणि बाकीच्यांना लांब पळवायचं, लाईन बंद झाल्याची खात्री होईपर्यंत. आग लागली तरच बाहेर, तेही मशीन आणि जमीन एकाच वेळी न शिवता, दोन्ही पाय जोडून उडी आणि मग पाय जोडूनच लांब सरकत जायचं.

चर किंवा विहिरीच्या कडेला मशीन लावताना चेन कडेला काटकोनात आणि ट्रॅव्हल मोटर (चेन फिरवणारी) मागच्या बाजूला, म्हणजे कड ढासळायला लागली की सरळ मागे निघता येतं. केबिन उलटी फिरलेली असेल तर चालवायचा लिव्हर पुढं ढकलल्यावर मशीन मागे जाते, हे घाईत भल्याभल्यांच्या लक्षात राहत नाही, म्हणून हलवायच्या आधी एकदा वाकून मोटर कुठं आहे ते बघायचं. ओली काळी माती एका घनमीटरला पावणेदोन टनांच्या आसपास भरते, तिचा ढीग कडेवर टाकला की तोच चर बुजवतो. दीड मीटर तरी लांब टाका. आणि दीड मीटरपेक्षा खोल चरात माणूस उतरणार असेल तर कडेला आधार लावल्याशिवाय नाही, मग काम पाच मिनिटाचं का असेना.

चढावर बकेट पुढं, जमिनीपासून वीतभर वर, म्हणजे मशीन घसरायला लागली तर लगेच टेकवता येते. बेल्ट लावलेलाच ठेवायचा, उलटताना उडी मारणारा बहुतेक वेळा मशीनखालीच सापडतो. बकेटमध्ये माणूस बसवायचा नाही, निवडणुकीच्या मिरवणुकीतसुद्धा नाही.

होज पाईप कुठं गळतोय ते हातानं चाचपू नका, पुठ्ठा धरून बघा. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून आलेलं प्रेशरचं तेल कातडीत घुसतं, वरून नुसता ठिपका दिसतो, दुखत पण नाही फारसं, पण तिथून थेट मोठ्या दवाखान्यात जायचं, मलम लावून घरी बसलं तर बोटं जातात.

सर्टिफिकेटचं बरेच जण विचारतात. आम्ही देतो ते आमच्या नावाचं, मोठ्या कंपनीच्या साईटवर लागतं ते इन्फ्रास्ट्रक्चर इक्विपमेंट स्किल कौन्सिलचं, त्याची परीक्षा वेगळी द्यावी लागते, तयारी आम्ही करून घेतो.

येताना पोराकडे सेफ्टी बूट, फुल बाह्यांचा पण अंगाबरोबर बसणारा शर्ट आणि डब्बा द्या. मोबाईल सकाळी ऑफिसात जमा होतो, जेवणाच्या सुट्टीत मिळतो. पावसाळ्यात यार्डात चिखल होतो, म्हणून तेव्हा नवी बॅच घेत नाही, दसऱ्यानंतर फोन करा.