घरी कापलेले पॅकिंग

पॅकिंग म्हणजे इंजिनाच्या दोन भागांच्या जोडात दाबून बसवलेला मऊ, पातळ थर. कारखान्याच्या कागदपत्रांत त्याला गॅस्केट म्हणतात. मशीनवर घासून सपाट केलेले दोन पृष्ठभाग एकमेकांवर ठेवले तर डोळ्याला फट दिसत नाही, पण हत्याराचे बारीक ओरखडे धातूवर राहतातच आणि तेल, पाणी, हवा त्यातून वाट काढतात. बोल्ट आवळले की पॅकिंग दबते आणि ते ओरखडे भरून काढते. एकदा दबलेले पॅकिंग जोड उघडल्यावर पुन्हा तसेच बसेल याची खात्री नसते, म्हणून दुरुस्ती किरकोळ असली तरी त्या जोडाला नवे पॅकिंग घालतात. ते विकत न आणता शीटमधून हाताने कापण्याची पद्धत मराठवाड्यात शेतावरच्या ऑइल इंजिनापासून दुचाकीपर्यंत सर्रास चालते.

ही सवय लावली ती ऑइल इंजिनांनी. पुण्यात १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली. तिची मिनिटाला १५०० फेऱ्यांची उभी इंजिने आणि राजकोटकडे बनणारी, दोन जड चाकांची, ६५० फेऱ्यांची संथ, लिस्टर या इंग्रजी कंपनीच्या धाटणीची इंजिने विहिरींवर बसली. वीज आली तशा पंपाच्या विजेवरच्या मोटारी आल्या. तरी जिथे कनेक्शन नाही किंवा वीज अवेळी येते, तिथे इंजिन अजून हटलेले नाही. हरभऱ्याला पाणी चालू असताना साइड कव्हरमधून तेल गळू लागले, तर पॅकिंगसाठी जालना किंवा परभणी गाठण्यात दिवस मोडतो. शीटचा तुकडा घरात असला तर तासाभरात काम उरकते. दुसरे कारण जुन्या मॉडेलांचे. छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना १९८५ साली सुरू झाला आणि या भागात दुचाकी दुरुस्त करणारे हात वाढले. पण बंद झालेल्या गाड्यांचा पॅकिंग सेट दुकानात असेलच असे नाही.

कापायला काय घ्यावे हे जोडात काय वाहते यावर ठरते. क्रँककेस (इंजिनाचा खालचा भाग), टायमिंग कव्हर (गिअरवरचे झाकण), फिल्टरचे बूड अशा तेलाच्या जोडांना ऑइल पेपर, म्हणजे तेल सहन करणारा जाडसर कागद घेतात. तो साधारण ०.२५ ते ०.८ मिमी जाडीत मिळतो. पत्र्याच्या टॅपेट कव्हरला (व्हॉल्व्हवरच्या झाकणाला) किंवा तेलाच्या चेंबरला कॉर्क किंवा रबर-कॉर्कची २-३ मिमी शीट लागते, कारण पत्रा दोन बोल्टांच्या मध्ये वाकतो आणि ती वाकण भरून काढायला जाड, मऊ थर हवा. सायलेन्सरच्या तोंडाशी, गरम जागी, जॉइंटिंग शीट, म्हणजे तंतू दाबून बनवलेली, उष्णता सहन करणारी शीट. लग्नपत्रिकेचा जाड कागद कापून कार्ब्युरेटरला बसवल्याचे प्रकार गावोगाव ऐकायला मिळतात. गाडी घरी आणण्यापुरते ते चालते. साधा कागद पेट्रोल आणि तेल शोषतो आणि काही दिवसांत कडेने पाझरू लागतो. त्याला कायमची दुरुस्ती मानू नये.

जुन्या जॉइंटिंग शीटमध्ये ॲस्बेस्टॉस असे. त्याचे तंतू श्वासातून गेले तर फुप्फुसे कायमची निकामी होऊ शकतात, कर्करोगही होऊ शकतो. म्हणून जुन्या इंजिनावर चिकटलेले करडे पॅकिंग कोरडे खरवडू नये, वायर ब्रश किंवा ग्राइंडर तर मुळीच लावू नये. पाण्याने किंवा तेलाने भिजवून, बोथट पट्टीने हळूहळू काढावे आणि भुगा झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावा. गॅरेजांत ही काळजी फारच कमी घेतली जाते.

कापण्याची सर्वांत प्रचलित रीत हातोडीची. बिडाच्या भागावर शीट ठेवायची आणि बॉलपीन हातोडीच्या गोल डोक्याने कडेवर हलके ठोके द्यायचे. खालची बिडाची धार शीट कापत जाते. ठोक्याच्या जागी आधी कागद चकचकीत होतो, मग पातळ होतो आणि अखेर बारीक रेघ उमटून तुकडा सुटतो. जोर लावायचा नसतो. जोर लावला की कागद फाटतो आणि धारही बसते. सुरुवात बोल्टच्या भोकांपासून. भोकावर बेअरिंगचा छर्रा ठेवून एक टोला दिला की गोल टिकली खाली पडते. समोरासमोरची दोन भोके झाली की त्यांत बोल्ट घालायचे, म्हणजे शीट सरकत नाही. मग आतली कड, बाहेरची शेवटी. बाहेरची कड आधी कापली तर हाताला धरायला काही उरत नाही आणि सगळे वाकडे जाते.

ही रीत ॲल्युमिनियमवर मात्र वापरू नये. दुचाकीची क्रँककेस, कार्ब्युरेटर, बऱ्याच पंपांचे भाग ॲल्युमिनियमचे असतात. मऊ कडेवर ठोके बसले की ती दबते आणि पुढे कुठलेही पॅकिंग तिथे गळते. तिथे तोंडावर ग्रीस किंवा स्टॅम्प पॅडची शाई पातळ लावायची, वर कागद दाबून ठसा घ्यायचा आणि लाकडी ठोकळ्यावर धारदार ब्लेडने कापायचे. भोकांसाठी लोखंडी नळीच्या तुकड्याला कानसीने धार काढून पंच करतात. ठोकळा आडवा ठेवण्यापेक्षा झाडाचा कापलेला बुंधा उभ्या रेषांनी ठेवला तर पंच स्वच्छ उतरतो. ठसा घेताना तेलाची बारीक छिद्रे शाईने बुजली तर कागदावर दिसत नाहीत, आणि नवशिक्यांचे खरे नुकसान इथेच होते. कव्हर उत्तम बसते, थेंब गळत नाही, आणि आत एका बेअरिंगला तेल पोहोचतच नाही. जोड बंद करण्यापूर्वी कापलेले पॅकिंग दोन्ही बाजूंवर ठेवून प्रत्येक छिद्र मोजून जुळवावे. आत एखादा तंतू लोंबत असेल तर तोही कापावा. तो तुटून तेलाच्या जाळीत अडकतो.

मराठवाड्याच्या उन्हाळ्याचा एक त्रास वेगळा. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत कागद आणि कॉर्क आपली ओल सोडून आकसतात. हिवाळ्यात कापून भिंतीला टांगलेले पॅकिंग उन्हाळ्यात काढले तर भोके बोल्टांशी जुळत नाहीत, आणि माणूस उगीच माप चुकले म्हणून ताणतो. ताणू नये. थोडा वेळ पाण्यात बुडवून ठेवले की ते बहुधा मूळ मापावर येते. मग पुसून बसवावे.

हेड पॅकिंगची, म्हणजे सिलिंडर आणि त्याचे वरचे झाकण (हेड) यांच्यामधल्या पॅकिंगची गोष्ट निराळी. तिथे एका बाजूला जळणाऱ्या वायूचा दाब असतो, त्याच थरातून तेल आणि पाण्याच्या वाटाही जातात. कागद किंवा साधी जॉइंटिंग शीट काही वेळातच उडते. ताकदीइतकाच जाडीचाही प्रश्न आहे. ८० मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास), ११० मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव) आणि १६.५ कॉम्प्रेशनचे, म्हणजे हवा साडेसोळा पटीने दाबणारे, एक सिलिंडरचे डिझेल इंजिन धरा. पिस्टन वर आल्यावर उरलेली जागा सुमारे ३५.७ घन सेंमी असते. हेड पॅकिंग नुसते अर्धा मिमी जाड झाले तर तीत २.५ घन सेंमी भर पडते आणि कॉम्प्रेशन १५.५ वर येते. डिझेल दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच पेटते, त्यामुळे थंडीच्या सकाळी असे इंजिन हँडल मारून मारून दमवते. उलट पॅकिंग पातळ झाले तर पिस्टन हेडला किंवा व्हॉल्व्हला टेकण्याची भीती. सिलिंडरच्या बुडाशी बसणाऱ्या पॅकिंगलाही हाच नियम लागू. म्हणून जाणता मिस्त्री पिस्टनवर शिसाच्या तारेचे तुकडे ठेवतो, हेड आवळून चाक हाताने एक फेरी फिरवतो आणि चपटी झालेली तार मायक्रोमीटरने मोजून पुस्तिकेतल्या मापाशी ताडतो. हे माप घेण्याची तयारी नसेल तर हेड आणि सिलिंडरचे पॅकिंग कंपनीचेच आणावे. त्यात वाचवलेले पैसे महाग पडतात.

तांब्याच्या वॉशरचे मात्र घरी भागते. इंजेक्टरखालचा किंवा डिझेलच्या नळीचा वॉशर एकदा दबला की कडक होतो. तो लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकला की काळी खपली गळते आणि तांबे पुन्हा मऊ पडते. पोलाद असे पाण्यात टाकले तर कडक होते, म्हणून नव्या पोरांना हे पटत नाही. वॉशरवर खोल चर पडला असेल तर तो फेकावा.

बोल्ट आवळताना मधून बाहेरच्या बाजूला, समोरासमोर, दोन-तीन फेऱ्यांत जावे. कॉर्कला कमी जोर पुरतो. जास्त आवळले की ते कडेने फुगून बाहेर येते आणि फाटते. कागदाचे आणि जॉइंटिंग शीटचे जोड इंजिन एकदा तापून थंड झाल्यावर पुन्हा तपासतात.

सिलिकॉनची ट्यूब आल्यापासून अनेकांनी कापणेच सोडले. हवेतल्या ओलीने घट्ट होणारे हे रसायन कामाचे आहे, पण हात सैल सुटला की आत दबलेली वळी सुटून तेलाच्या जाळीवर बसते. ज्या जोडाला कागदाची जाडी हिशोबात धरलेली आहे, तिथे नुसते सिलिकॉन लावले तर बेअरिंगची किंवा गिअरची आडवी ढिलाई बदलते. पेट्रोलच्या जोडाला ते लावूच नये, पेट्रोलने फुगते. शेलॅकचे (लाखेचे) जुने लाल पाणी तेलाच्या जोडांना अजून चांगले काम देते; मात्र शेलॅक स्पिरिटमध्ये विरघळते, आणि आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. कार्ब्युरेटरच्या फ्लोटच्या वाटीला (पेट्रोल साठते त्या वाटीला) त्यामुळे शेलॅक न लावता पेट्रोल सहन करणाऱ्या नायट्राइल रबराचे पॅकिंग कोरडेच बसवतात.