गोधडीतला ओलावा, मांजराची लाळ

सकाळी उठल्या उठल्या शिंकांची माळ, डोळ्यांना खाज, नाक चोंदलेलं, आणि अकरा वाजेपर्यंत सगळं शांत. असा त्रास असलेली माणसं जळगाव-धुळ्याकडे रस्त्याच्या धुळीला बोल लावतात. पण अंथरुणातून उठतानाच येणाऱ्या शिंकांचं मूळ बऱ्याचदा अंथरुणातच असतं.

गादी, उशी आणि गोधडीत माइट राहतात. कोळी-गोचिडीच्या कुळातले, आठ पायांचे, जेमतेम पाव मिलिमीटरचे हे जीव चावत नाहीत. आपल्या कातडीचा झडलेला कोंडा खाऊन ते जगतात. १९६४मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनला फोरहॉर्स्ट आणि स्पीक्स्मा या संशोधकांनी घरातल्या धुळीच्या ॲलर्जीचा संबंध यांच्याशी जोडला. खरा त्रास होतो तो त्यांच्या विष्ठेचा. तिच्यात अन्न पचवणारं एक एन्झाइम असतं. श्वासातून आत गेलं की ते श्वासनलिकेच्या अस्तरातल्या पेशींचे सांधे सैल करतं, आणि शरीर त्याला शत्रू समजून झुंजायला उठतं. शिंका, खाज आणि दम्याची धाप हा त्याच झुंजीचा परिणाम.

माइट पाणी पीत नाहीत. पुढच्या पायांच्या बुडाशी असलेल्या ग्रंथींतून खारट द्रव पाझरतो आणि तो हवेतली वाफ ओढून घेतो. हवा कोरडी पडली की त्या मिठाचे खडे होऊन ग्रंथीचं तोंड बुजतं. आर्द्रता बरेच दिवस ५० टक्क्यांच्या खाली राहिली, तर मोठे माइट वाळून मरतात. म्हणून भुसावळचा ४५ अंशांचा मे महिना त्यांच्या मुळावर येतो. पण काही पिल्लं निपचित पडून कोरडा काळ काढतात, आणि पाऊस पडला की पुन्हा वाढीला लागतात.

आणि आपण काय करतो? त्याच मे महिन्यात खिडक्या बंद करून रात्रभर कूलर लावतो. भिजलेल्या पॅडमधून आलेला ओलावा खोलीतच कोंडतो आणि गादीत मुरतो. कूलर बंद करा असं खानदेशात कुणी म्हणू नये, पण समोरची खिडकी उघडी ठेवली, तर दमट हवा बाहेर निघून जाते आणि गारवाही चांगला मिळतो.

घटस्थापनेच्या आधी घरातल्या सगळ्या गोधड्या-वाकळी धुवायची आपली रीत मला फार मोलाची वाटते. पावसाळाभर माइट वाढलेले असतात आणि विष्ठाही साठलेली असते, नेमकं तेव्हाच हे धुणं निघतं. नुसतं गच्चीवर टाकून भागत नाही. उन्हाने माइट मरतात, ॲलर्जी करणारी विष्ठा कापडात तशीच राहते. ती पाण्यानेच जाते, थंड पाण्यानेही बरीचशी. माइट मारायलाही पाणीच वापरायचं, तर ते ६० अंशांचं लागतं. चादरी आणि उशांचे अभ्रे आठवड्याला धुवावेत. जुन्या गादीचा कापूस पिंजायला काढला किंवा गोधडी झटकायची वेळ आली, तर दम्याच्या माणसाने तिथे थांबू नये.

मांजराचं तंत्र वेगळं. त्याच्या केसांना लोक भितात, पण ॲलर्जी करणारं प्रथिन लाळेत आणि कातडीच्या तेलग्रंथींत तयार होतं. मांजर अंग चाटतं, लाळ वाळते, तिचे बारीक कण उडतात. माइटची विष्ठा जड असते, झटकल्यावर उडते आणि थोड्याच वेळात खाली बसते. मांजराचे कण मात्र तासन् तास हवेत तरंगतात आणि कपड्यांना चिकटून शाळेपर्यंत पोचतात. वर्गमित्राच्या घरी मांजर असलं, तरी आपल्या मुलाला त्रास होऊ शकतो, तो असा. कुत्र्याचंही बरंचसं असंच आहे, आणि अजिबात ॲलर्जी न करणारी जात अशी कुठलीच नाही.

म्हणून घरातलं मांजर कुणाला देऊन टाकण्याआधी डॉक्टरांकडे कातडीवरची ॲलर्जी चाचणी करून घ्यावी. दोष गादीचाही निघेल. मांजराचाच निघाला, तर निदान झोपायच्या खोलीत त्याला येऊ देऊ नये. आणि दिलंच, तरी आठवड्याभरात फरक पडला नाही म्हणून इनहेलर मनाने कमी-जास्त करू नये. मांजर गेल्यावरही त्याचं प्रथिन सोफ्यात, गाद्यांत आणि भिंतींवर कित्येक महिने टिकून राहतं.