संगणकातल्या जंगलाखाली ऊस

कोल्हापूर जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर झाडे लावली तर पाऊस वाढेल का, उन्हाळा सुसह्य होईल का? खरोखर लावून पाहायचे तर तीस-चाळीस वर्षे थांबावे लागेल. तोवर हवामान इतर कारणांनीही बदललेले असेल. म्हणून शास्त्रज्ञ हवामानाचे मॉडेल, म्हणजे संगणकात गणिताने उभे केलेले हवामान, घेतात आणि ते दोनदा चालवतात, म्हणजे त्याचे दोन रन घेतात: एकात आजची जमीन, दुसऱ्यात जंगल. समुद्राचे तापमान, सूर्यप्रकाश, हवेतला कार्बन डायऑक्साइड, सगळे दोन्हींकडे सारखे. उत्तरांतला फरक तो झाडांचा. झाडांनी शोषलेल्या कार्बनचा फायदा यात धरलेला नसतो; त्याचा हिशेब वेगळा.

मॉडेलला झाड कळते ते आकड्यांतून. पिके-गवत सुमारे 20 टक्के ऊन परत फेकतात, घनदाट जंगल 12-13 टक्केच. म्हणजे जंगल जास्त ऊन पिते. पण खोल मुळे मार्च-एप्रिलमध्येही पाणी ओढतात आणि पानांतून त्याची वाफ होते. चौरस मीटरमागे दिवसाला 1 लिटर पाणी उडाले, तर सरासरी 28 वॅट उष्णता त्यातच खर्ची पडते. उष्ण प्रदेशात बहुधा हा गारवा भारी पडतो. बर्फाळ प्रदेशात उलटे होते.

मॉडेल जमिनीचे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनाला एकच सरासरी धरते. जागतिक मॉडेलचा चौकोन साधारण 100 किलोमीटरचा. त्यात सह्याद्रीतले गगनबावडा आणि पूर्वेच्या सपाटीवरचे शिरोळ एकत्र येतात, आणि शिरोळचा पाऊस तर गगनबावड्याच्या एक दशांशाच्या आसपास! सह्याद्रीची धार त्या चौकोनात सपाट होऊन जाते. म्हणून तीन-चार किलोमीटरच्या चौकोनांचे, फक्त या भागापुरते प्रादेशिक मॉडेल घ्यायचे आणि कडेचे वारे-बाष्प जागतिक मॉडेलकडून पुरवायचे.

आता माझ्या मते खरी मेख. जंगल लावण्याआधी त्या चौकोनात काय होते? अनेक मॉडेलांत ‘शेती’ म्हणजे पावसावर वाढणारे एक सरासरी पीक. उन्हाळ्यात ते वाळलेले, जमीन तापलेली. आमच्याकडे पंचगंगेच्या काठाने पाहा: भर एप्रिलमध्ये उपशाच्या पाण्यावर ऊस हिरवागार उभा, भरपूर वाफ सोडत. हा ऊस मॉडेलमध्ये नसेल, तर जंगलाचा गारवा फुगून दिसणार. सिंचन धरले, तर काही ठिकाणी ऊस काढून झाडे लावल्यावर उन्हाळ्यात हवा थोडी तापलीही, तरी मला आश्चर्य वाटणार नाही.

दुसरी गोची सड्यांची, म्हणजे कातळी पठारांची. मसाई पठारावर जांभ्याच्या कातळावर जेमतेम माती; तिथले गवत आणि पावसाळी फुले हीच मूळची वनस्पती. मॉडेलमध्ये मातीची खोली सरसकट दोन मीटर ठेवली, तर तिथेही जंगल मजेत वाढते. संगणक हरकत घेत नाही. मातीचा नकाशा आधी तपासायला हवा.

बाकी शिस्त ठरलेली. खोल मातीतला ओलावा स्थिरावेपर्यंतची सुरुवातीची काही वर्षे टाकून द्यायची. मान्सून वर्षागणिक इतका हलतो की एका रनचा फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो; म्हणून आरंभस्थिती किंचित बदलून अनेक रन, आणि तेही वीस-तीस वर्षांचे.

कोल्हापूरसाठी मी तीन संच मागेन: कोरडवाहू शेती, सिंचित ऊस आणि जंगल. जंगलाची तुलना आधीच्या दोघांशी वेगवेगळी करायची. आणि जूनचा पाऊस पाहण्याआधी एप्रिलमधले दुपारचे तापमान पाहायचे.