मंगळवार, संकष्टी आणि रिकामा स्पेक्ट्रम

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून अडवलेली जागा आपण सगळ्यांनीच पाहिली आहे. गाडी सुटते, रुमालवाला चढलेलाच नसतो, तरी त्या सीटवर कोणी बसत नाही आणि वरच्या दांड्याला लोंबकळत चार जण उभे असतात. रेडिओलहरींचं जग बरंचसं असंच चालतं. सगळ्या वारंवारतांचा मिळून होतो तो स्पेक्ट्रम; त्यातला अमुक पट्टा टीव्हीला, तमुक रडारला, पलीकडचा मोबाइल कंपनीला, असे परवाने दिलेले असतात. २००२ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाच्या, म्हणजे एफसीसीच्या, अभ्यासगटाने अहवाल दिला की दिलेल्या पट्ट्यांचा वापर जागेप्रमाणे आणि वेळेप्रमाणे १५ टक्क्यांपासून ८५ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतो. म्हणजे कागदावर गाडी भरलेली, आत मात्र कितीतरी सीटांवर नुसते रुमाल.

त्याआधीच, १९९९ मध्ये, जोसेफ मिटोला यांनी ‘कॉग्निटिव्ह रेडिओ’ ही कल्पना मांडली होती. मी त्याला मनातल्या मनात जाणता रेडिओ म्हणतो. हा रेडिओ आधी ऐकतो, कुठला पट्टा मोकळा आहे ते ठरवतो, तिथे आपलं काम करतो आणि परवानाधारक आला की ताबडतोब उठतो. सगळी भिस्त त्या पहिल्या पायरीवर आहे. ऐकण्यात चूक झाली तर पुढचं सगळंच चुकतं.

ऐकणं किती अवघड आहे हे मला एका स्वस्त यूएसबी रिसीव्हरने शिकवलं. अंगठ्याएवढी वस्तू, लॅपटॉपला लावायची, बारीकशी ॲन्टेना जोडायची. पुण्यात गच्चीवर नेऊन १०१ मेगाहर्ट्‌झवर लावला तर विविध भारतीचा उंच उंचवटा पडद्यावरच्या आलेखात लख्ख दिसतो. तोच लॅपटॉप तळमजल्यावरच्या मागच्या खोलीत आणला की उंचवटा बसका होतो, आणि आजूबाजूचे बारके उंचवटे तर तळच्या गोंगाटात विरघळूनच जातात. स्टेशन चालूच असतात, फक्त मला ऐकू येत नसतात. शिवाय हा रिसीव्हर एका वेळी साधारण २.४ मेगाहर्ट्‌झचाच तुकडा दाखवतो. एफएमचा पट्टा ८८ ते १०८, म्हणजे पूर्ण बघायला नऊ तुकडे. नवव्यावर पोहोचेपर्यंत पहिल्यात कोणी दोन शब्द बोलून गेलं तर पत्ताही लागत नाही.

या दोन अडचणी, म्हणजे मंद आवाज आणि लांबरुंद पट्टा, हाच या विषयाचा गाभा आहे.

आधी मंद आवाज. २००८ मध्ये एफसीसीने टीव्हीच्या रिकाम्या चॅनेलवर विनापरवाना उपकरणांना वाट करून दिली तेव्हा अट घातली की उपकरणाला उणे ११४ डीबीएम इतका क्षीण टीव्हीसंदेशसुद्धा ओळखता आला पाहिजे. हे मोजमाप वॅटमध्ये लिहायचं तर दशांशचिन्हानंतर १४ शून्यं आणि मग ४. सहा मेगाहर्ट्‌झच्या चॅनेलमध्ये इलेक्ट्रॉनांच्या उष्णतेमुळे होणारा स्वाभाविक गोंगाटच याच्या सुमारे सहापट असतो. म्हणजे जो आवाज ओळखायचा तो गोंगाटाच्या सहाव्या हिश्श्याएवढा. जास्त वेळ ऐकत राहिलं तर जमेल असं वाटतं, पण तेही पुरत नाही. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या राहुल तांड्रा आणि अनंत सहाय यांनी २००८ मध्ये दाखवून दिलं की गोंगाटाची पातळी आपल्याला अगदी अचूक माहीत नसेल, तर एका मर्यादेखालचा संदेश नुसती ऊर्जा मोजून ओळखताच येत नाही, मग कितीही वेळ कान लावा.

त्यात डोंगर. सिंहगडावर दूरदर्शनचा मनोरा आहे. समजा त्यावरून प्रक्षेपण चालू आहे आणि डोंगराच्या कुशीतल्या एका वाडीत आपला जाणता रेडिओ बसलाय. मधल्या कड्यामुळे त्याच्यापर्यंत काही पोहोचत नाही. तो प्रामाणिकपणे म्हणतो, चॅनेल मोकळं आहे, आणि बोलायला लागतो. धारेपलीकडच्या गावात मात्र टीव्हीवर मुंग्या येतात. उपकरणात काही दोष नव्हता, ते चुकीच्या जागी बसलं होतं एवढंच.

यावरचा उपाय आपल्या गावाकडचाच आहे. एकाला विचारू नका, पाचांना विचारा. पाच ठिकाणच्या पाच रेडिओंनी आपापला कौल एका केंद्राकडे पाठवायचा आणि केंद्राने निर्णय द्यायचा. पण कौल मोजायचा कसा, यावर सगळं अवलंबून आहे, आणि हे गणित मला फार आवडतं म्हणून इथे जरा थांबतो.

धरून चालू की परवानाधारक हजर असताना प्रत्येक रेडिओ त्याला ७० टक्के वेळा ओळखतो, आणि तो नसताना १० टक्के वेळा उगाच ‘आहे आहे’ म्हणतो. पाचांपैकी एकानेही हात वर केला तर चॅनेल सोडायचं, असा नियम केला तर परवानाधारक नजरेतून सुटण्याची शक्यता पाव टक्क्यापेक्षा खाली येते. पण खोटी हाकाटी १० वरून ४१ टक्क्यांवर जाते, म्हणजे मोकळी जागा जवळजवळ निम्म्या वेळा वाया. उलट बहुमत लावलं, तिघांचं एकमत हवं म्हटलं, तर खोटी हाकाटी एका टक्क्याच्याही आत येते, पण ओळखण्याचं प्रमाण ८४ टक्क्यांवरच अडतं. आता दोघांनी हात वर केला की पुरे, असं ठरवून बघा. ओळख ९७ टक्के, खोटी हाकाटी ८ टक्के. दोन्ही बाबतींत एकट्या रेडिओपेक्षा सरस! एकही उपकरण बदललं नाही, एक पैसा वाढला नाही, फक्त मोजण्याची रीत बदलली.

अट एकच, आणि ती मोठी आहे. पाचही जण वेगवेगळ्या ठिकाणी हवेत. एकाच कड्याच्या सावलीतले पाच रेडिओ एकच चूक पाच वेळा सांगतात, आणि वरचा सगळा हिशेब कोसळतो. कोणी मुद्दाम खोटं सांगायला लागलं, तर त्याचा कौल इतरांशी किती वेळा जुळतो ते पाहून त्याचं वजन कमी करत जावं लागतं.

आता लांबरुंद पट्टा. नायक्विस्टचा नियम सांगतो की एक गिगाहर्ट्‌झ रुंदीचा पट्टा एकदम टिपायचा तर सेकंदाला किमान दोन अब्ज नमुने, म्हणजे लहरीची क्षणाक्षणाची मोजमापं, घ्यायला हवेत. तसं यंत्र महाग आणि वीज खाणारं, बॅटरीवरच्या उपकरणाला न परवडणारं. पण ज्या रिकामपणाच्या शोधात आपण निघालो तोच इथे मदतीला येतो. पट्टा बहुतेक रिकामा असेल तर त्यात कळण्यासारखं मुळात थोडंच असतं, आणि थोडं कळून घ्यायला थोडे नमुने पुरतात. एमॅन्युएल कॅन्डेस, टेरेन्स टाओ, डेव्हिड डोनोहो वगैरे गणितींनी २००४ ते २००६ च्या सुमारास या विचाराला भक्कम पाया दिला. ‘कॉम्प्रेस्ड सेन्सिंग’ म्हणतात ते हेच.

याच घराण्यातली एक युक्ती अंगारकीने छान समजते. नमुने कमी घेतले की लांबचा पट्टा घडी घातल्यासारखा दुमडतो आणि वेगवेगळ्या वारंवारता एकावर एक येऊन बसतात. वर्षातले सगळे मंगळवार एकाच नावाखाली येतात तसं. नुसतं ‘मंगळवार’ म्हटलं तर वर्षात बावन्न दिवस, नुसतं ‘संकष्टी’ म्हटलं तर बारा-तेरा. दोन्ही एकदम म्हटलं की उरते अंगारकी, वर्षातून मोजकीच. दोन कमी वेगाचे रेडिओ दोन वेगवेगळ्या वेगांनी नमुने घेतात तेव्हा एक जणू वार सांगतो आणि दुसरा तिथी. दोघांच्याही हाती घडी घातलेलं, संदिग्ध चित्र असतं, पण घड्या वेगळ्या असतात. केंद्रात दोन्ही चित्रं एकमेकांवर ठेवली की खरी जागा सापडते. रेडिओ जितके जास्त, तितका प्रत्येकाचा वेग कमी ठेवता येतो. एकत्र ऐकण्याने डोंगराआडची चूक झाकली जाते आणि पट्ट्याची रुंदीही वाटून घेता येते, हे मला या सगळ्यातलं सर्वांत देखणं वाटतं. पट्टा भरगच्च असेल तर मात्र घड्यांत फार गर्दी होते आणि युक्ती फसते.

हे नुसतं कागदावर राहिलेलं नाही. २०१४ मध्ये एमआयटीच्या गटाने ५० मेगाहर्ट्‌झचे तीनच साधे कन्व्हर्टर, म्हणजे नमुने घेणारी यंत्रं, वापरून ०.९ गिगाहर्ट्‌झचा पट्टा टिपला.

पण टीव्हीच्या बाबतीत इतिहासाने वेगळंच वळण घेतलं. २०१० मध्ये एफसीसीने ऐकण्याची सक्ती काढून टाकली आणि कुठे कोणतं चॅनेल मोकळं आहे याचा तक्ता पुरेसा मानला. टीव्हीचे मनोरे जागचे हलत नाहीत, मग कुठे काय मोकळं आहे ते डेटाबेसला विचारा. मला हा निर्णय पटतो. आपल्याकडे आयआयटी मुंबईत अभय करंदीकर यांच्या गटाने ४७० ते ५९० मेगाहर्ट्‌झचा अभ्यास केला, तेव्हा १५ पैकी किमान १२ चॅनेल जवळपास सगळीकडे मोकळे निघाले. त्याच लहरींवरून पालघरच्या गावांत इंटरनेट पोहोचवण्याचा प्रयोगही झाला. जिथे जागा वर्षानुवर्षं मोकळीच आहे, तिथे क्षणोक्षणी कान लावून बसण्यात अर्थ नाही.

नौदलाची रडारं मात्र तक्त्यात बसत नाहीत. युद्धनौका कधी कुठे असेल हे कोणी जाहीर करत नाही. अमेरिकेत ३५५० ते ३७०० मेगाहर्ट्‌झचा पट्टा नौदल आणि खासगी नेटवर्कं वाटून वापरतात, आणि त्यासाठी किनाऱ्यावर ओळीने ऐकणारी केंद्रं उभी आहेत. समुद्रात रडार सुरू झालं की ती सूचना देतात आणि जवळची नेटवर्कं जागा सोडतात. या केंद्रांना रडारचा क्षीण आवाज ऐकू यावा म्हणून त्यांच्याभोवतीच्या नेटवर्कांना आपली ताकद उतरवावी लागते. त्या भागांना तिथले अभियंते ‘कुजबुज क्षेत्र’ म्हणतात.