मणक्यातला ‘गॅप’ आणि पायातली कळ

‘मणक्यात गॅप आलाय’ हे वाक्य आपल्याकडे एसटी स्टँडपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत कुठेही कानावर पडतं. सांगणारा बहुतेक वेळा धास्तावलेला असतो. मणके एकमेकांपासून सुटत चाललेत, मधे पोकळी पडलीय, जरा वाकलो तर काहीतरी तुटेल, असं चित्र त्याच्या डोळ्यांपुढे असतं. एक्स-रेमध्ये दिसतं ते मात्र नेमकं उलट. दोन मणक्यांमध्ये अंतर असायलाच हवं, कारण तिथे गादी बसलेली असते. वयाबरोबर गादीतलं पाणी कमी होतं, ती चपटी होते आणि ते अंतर घटतं. म्हणजे गॅप नव्यानं आलेला नसतो. असलेला गॅप कमी झालेला असतो.

या एका शब्दापायी माझ्या मावशीनं दोन महिने अंथरूण धरलं होतं. खुब्यापासून पावलापर्यंत कळ जायची. ‘आतून कुणीतरी तापलेली तार ओढतंय’ असं ती म्हणायची. घरच्यांनी मायेनं तिला फळीवर झोपवलं, पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू दिला नाही. कळ ओसरली तोवर मांडी बारीक झाली होती आणि वाकायची भीती मनात पक्की बसली होती. त्या भीतीतून बाहेर यायला तिला दुखण्यापेक्षा जास्त दिवस लागले. सायटिकाबद्दल, म्हणजे कमरेतली नस चिडून पायात जाणाऱ्या या कळेबद्दल, लिहावंसं वाटलं ते म्हणूनच.

सायटिक नस ही शरीरातली सर्वांत जाड नस, उगमापाशी जवळपास अंगठ्याएवढी रुंद. कमरेच्या खालच्या भागातून निघणारी पाच मुळं एकत्र येऊन ती बनते, नितंबाच्या स्नायूंखालून मांडीच्या मागे उतरते, गुडघ्याच्या जरा वर दोन शाखांत विभागते आणि पावलापर्यंत पोहोचते. चरकसंहितेत वातव्याधींच्या अध्यायात गृध्रसीचं, म्हणजे सायटिकासारख्याच दुखण्याचं, वर्णन आहे, त्यात नितंब, कंबर, मांडी, गुडघा, पोटरी, पाऊल असा दुखण्याचा क्रम दिला आहे. नसेची शरीररचना उलगडण्याच्या कितीतरी आधी कुणीतरी रुग्णांचं बोलणं इतकं बारकाईनं ऐकलं होतं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

बिघाड कमरेत असताना दुखतो पाय, याचं कोडं अनेकांना सुटत नाही. दाराबाहेर बटण असतं आणि बेल घरात वाजते. मधेच कुठे वायर घासली गेली तरी बेल वाजते. आपण दार उघडतो तर बाहेर कुणीच नसतं. सायटिकात पोटरी म्हणजे ते रिकामं दार. तिला तेल चोळून बरं वाटेल, पण वायर घासली जाते ती वर, कमरेत. कोणतं मूळ चिडलंय हेही पायच सांगतो. कळ आणि मुंग्या पावलाच्या वरच्या बाजूनं अंगठ्याकडे जात असतील, टाचांवर चालताना पाऊल उचललं जात नसेल, तर संशय कमरेच्या पाचव्या मुळावर. करंगळीकडची कड बधिर असेल आणि चवड्यावर उभं राहता येत नसेल, तर त्याच्या खालच्या मुळावर. डॉक्टर उताणं झोपवून पाय सरळ वर उचलतात तेव्हा ते ही नस ताणून पाहत असतात.

आता त्या गादीकडे वळू. बाहेरून चिवट थरांचं कडं, आत जेलीसारखा गर. कड्याला चीर पडली की गर बाहेर डोकावतो. असा गर नसेच्या मुळाला भिडून सायटिका होऊ शकतो, हे बोस्टनच्या विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार या डॉक्टरांनी १९३४ मध्ये मांडलं. तेव्हापासून ‘नस दबली’ हेच चित्र सगळ्यांच्या मनात रुजलं. पण नुसत्या दाबानं सगळं उलगडत नव्हतं. १९९३ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी डुकरांच्या नसेच्या मुळांवर त्यांच्याच गादीतला गर नुसता ठेवला, जराही न दाबता, तरीही नसेचं काम मंदावलं. म्हणजे गरातली रसायनं नसेला चिडवतात, तिथे दाह होतो. आणि दाह ओसरतो.

त्याहून मोठा दिलासा पुढे आहे. गादीच्या आतला हा गर जन्मभर रक्तापासून दूर, बंदिस्त असतो. तो बाहेर आला की शरीराला परका वाटतो. भक्षक पेशी येतात आणि त्याला हळूहळू खाऊन टाकतात. म्हणून गादी नुसती फुगलेली असते त्यापेक्षा तिचा तुकडा सुटून बाहेर पडलेला असतो, तेव्हा तो विरघळण्याची शक्यता जास्त. रिपोर्टमधला सर्वांत भीतिदायक शब्द कित्येकदा सर्वांत आशादायक असतो.

एमआरआयबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. पाठ अजिबात न दुखणाऱ्या ३,११० लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या सुमारे ३० टक्के, पन्नाशीतल्या ६० टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या ८४ टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्या आढळल्या. यातलं बरंचसं केस पिकण्यासारखं आहे. पायातली ताकद कमी होत असेल, शस्त्रक्रियेचा विचार असेल, तर एमआरआय हवाच. एरवी तो हाती आला की माणूस आपलं दुखणं विसरून रिपोर्टचंच दुखणं घेऊन बसतो.

मावशीचा सक्तीचा आराम तरी उपयोगी होता का? नेदरलँड्समध्ये सायटिकाच्या १८३ रुग्णांपैकी निम्म्यांना दोन आठवडे झोपवून ठेवलं, बाकीच्यांना जमेल तसं हिंडू-फिरू दिलं. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांत ८७ टक्के सुधारले होते. अंथरुणाला खिळून काहीच जास्तीचं मिळालं नाही. कळ अगदी असह्य असेल तेव्हा उताणं झोपून पोटऱ्या खुर्चीवर ठेवाव्यात किंवा कुशीवर वळून गुडघ्यांत उशी घ्यावी, आणि दर तासाला उठून घरातल्या घरात चार पावलं टाकावीत.

व्यायामाचे व्हिडिओ मात्र जपून. गादीमुळे झालेल्या सायटिकात सहसा बसणं आणि वाकणं त्रासाचं, चालणं त्यामानानं सुसह्य. उतारवयात मज्जारज्जूची नळी अरुंद होऊन जे दुखणं होतं त्यात बरोबर उलट: चालताना पाय भरून येतात आणि पुढे वाकलं की बरं वाटतं. असे आजोबा सायकल मजेत चालवतात, पण बाजारातून पिशवी घेऊन येताना तीनदा थांबतात. दोघांना एकच आसन कसं चालेल? फिजिओथेरपिस्ट एक खूण शिकवतात, ती लक्षात ठेवण्याजोगी आहे. एखाद्या हालचालीनं कळ पावलाकडून वर कमरेकडे सरकत असेल, तर कंबर थोडी जास्त दुखली तरी चालेल. कळ खाली उतरत असेल तर ती हालचाल थांबवायची.

औषधांचा आधार आपण समजतो तेवढा भक्कम नाही. नसेच्या दुखण्यासाठी सर्रास दिलं जाणारं प्रीगाबालिन २०१७ च्या एका ऑस्ट्रेलियन चाचणीत सायटिकाच्या रुग्णांमध्ये औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. चक्कर मात्र जास्त आली. (चालू असेल तर स्वतःहून एकदम बंद करू नये.) शस्त्रक्रियेचं गणित जास्त विचार करण्यासारखं आहे. २००७ च्या डच चाचणीत २८३ रुग्ण होते, एका गटाची लवकर शस्त्रक्रिया करायची आणि दुसऱ्यानं थांबून पाहायचं असं ठरलं. लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांची कळ लवकर गेली, पण वर्षअखेरीस दोन्ही गटांत ९५ टक्के लोक बरे होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना पुढे शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. म्हणजे शस्त्रक्रियेनं बहुतेकदा वेळ वाचतो. ज्याला पगारी रजा आहे तो थांबू शकतो. ज्याची चूल रोजच्या मजुरीवर पेटते त्याच्यासाठी ते थांबणंच फार मोठं असतं. निर्णय घेताना हे बोललं गेलंच पाहिजे.

उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घ्यायची रीत आपल्याकडे जुनी आहे. हलका पाय लागल्यानं बिघडत नाही, आणि बहुतेकांचं दुखणं काही आठवड्यांत आपोआप उतरतं, त्याचं श्रेय पायाळूला मिळतं. पण पाठीवर लाथ मारून घेणं, डाग देणं, कुणाकडून हिसका देऊन ‘नस बसवून’ घेणं यात खरी इजा होते.

काही लक्षणांना मात्र थांबायला वेळ नसतो. पाऊल लुळं पडून चप्पल नकळत निसटू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. लघवी तुंबली किंवा कळत नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली, दोन्ही पायांतली शक्ती एकदम गेली, तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी मोठं रुग्णालय गाठावं. कण्याच्या टोकाशी असलेला नसांचा झुबका दाबला गेल्याची ही चिन्हं आहेत, आणि तिथे तासांचा हिशेब असतो. माझ्या मावशीसारख्या बायका लघवीचं दुखणं आपणहून कुणाला सांगत नाहीत. त्यांना लेकीनं, सुनेनं, बहिणीनं जवळ बसून स्पष्ट शब्दांत विचारावं.