ओढ्याकाठचा उंदीर शोधायचाय? मग पाण्यापासून लांबची जमीन पण बघा

अमेरिकेत कोलोरॅडोमधे रॉकी पर्वताच्या पूर्व पायथ्याला घरं, रस्ते, मॉल भराभर उभे राहतायत आणि नेमक्या त्याच पट्ट्यातल्या ओढ्यांच्या काठी प्रेबल्स मेडो जम्पिंग माऊस नावाचा उंदीर राहतो. वजन साधारण २० ग्रॅम, मागचे पाय लांबलचक, शेपटी तर एकूण लांबीच्या जवळपास ६०%. दचकला की टुणकन उडी मारून गवतात गायब! १९९८ मधे तिथल्या कायद्याने त्याला संकटग्रस्त ठरवलं, त्यामुळे ओढ्यालगत काही बांधायचं तर आधी तो तिथे राहतो का हे तपासावं लागतं.

हा सर्व्हे उंदरापासून नाही, जागेपासून सुरू होतो. जाणकार माणूस ओढ्याच्या काठाने चालत जातो आणि बघतो, विलोची दाट झुडपं आहेत का, त्यांच्याखाली गवत नीट माजलंय का, शेजारी न नांगरलेलं कुरण आहे का. गुरांनी पार खाऊन टाकलेला किंवा काँक्रीटने बांधलेला काठ त्याच्या काही कामाचा नाही. ओढा वर-खाली सलग आहे का हेही बघायचं, कारण हा एवढासा जीव एका रात्रीत काठाकाठाने दीड किलोमीटरपर्यंत गेल्याची नोंद आहे.

जागा बरी वाटली तर मग पिंजरे. ॲल्युमिनियमचे छोटे डबे असतात, आत ओट्ससारखं धान्य आणि ऊब राहावी म्हणून थोडा कापूस, संध्याकाळी लावायचे आणि सकाळी लवकर जाऊन तपासायचे, सापडलेला प्राणी नोंद करून तिथेच सोडायचा. यासाठी सरकारी परवाना लागतो. आणि हे फक्त जून ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंतच, कारण थंडीचे सगळे महिने हा पठ्ठ्या जमिनीखाली गाढ झोपलेला असतो, तेव्हा कितीही पिंजरे लावा, रिकामेच राहणार. उन्हाळ्यातही थोडेसेच पिंजरे एखाद-दोन रात्री लावून तो नाहीच म्हणणं चुकीचं आहे. त्यात काही ठिकाणी त्याचा भाऊबंद, वेस्टर्न जम्पिंग माऊस, पण मिळतो, दोघं दिसायला इतके सारखे की खात्रीसाठी कधी दात तर कधी डीएनए तपासावा लागतो.

पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती पाण्यापासून दूरची कोरडी जमीन. थंडीत झोपायचं बीळ तो बऱ्याचदा पुराचं पाणी पोचणार नाही अशा चढावर करतो, म्हणूनच शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या मोठ्या पुराच्या रेषेच्याही पुढे साधारण ३०० फुटांपर्यंतची जमीन त्याचीच धरतात. नुसती हिरवी कड राखली आणि वरचा उतार बुलडोझरने सपाट केला तर झोपेतच जाणार ना तो! डेन्व्हरजवळ रॉकी फ्लॅट्सला अण्वस्त्रांचे भाग बनवायचा कारखाना होता, त्याच्या भोवती खूप मोठी जमीन मोकळी ठेवलेली, तिथल्या ओढ्यांवर हा उंदीर टिकून राहिला, कारण काठ आणि उतार दोन्हीवर बांधकाम झालंच नाही.

म्हणून सर्व्हे लेआउटच्या आधी व्हायला हवा. सप्टेंबर निघून गेला असेल तर जूनची वाट बघावी, नाहीतर उंदीर आहेच असं धरून प्लॅन करावा, म्हणजे प्लॉट उताराच्या वर सरकवायचे आणि रस्ता ओढ्यावरून न्यायचाच असेल तर अरुंद पाइपऐवजी रुंद पूल बांधायचा, खालून दोन्ही बाजूंना झुडपांसकट कोरडा काठ सुटेल असा.